मदत हवी आहे: अंबड ऑफिस ते विल्होळी गोडाऊन, ब्रिज लावला पण नेटवर्क जुळत नाही (अर्जंट)

डिस्पॅचवाला, सकाळी ११:०५
नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले डोक्याचा भुगा झालाय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं ऑफिस आणि छोटं युनिट, गोडाऊन विल्होळीला. दोन्हीकडच्या गच्चीवर वायरलेस ब्रिज (दोन्हीकडचं नेटवर्क हवेतून जोडणाऱ्या दोन डिश) बसवून घेतला, परवा माणूस येऊन लावून गेला, लिंक लागली म्हणाला, पैसे घेतले, आता फोन उचलत नाही. दिवे सगळे हिरवे आहेत. पण गोडाऊनवरून टॅली कधी उघडतं कधी नाही, उघडलंच तर पाच मिनिटांत लटकतं. काल तर कहर झाला, गोडाऊनच्या पोराने चलन प्रिंटला दिलं ते निघालं ऑफिसच्या प्रिंटरमधून. ब्रिजच खराब निघालाय का? कोणती सेटिंग बदलू तेवढं सांगा, दुपारी दोन गाड्या भरायच्यात.

तारतोड्या, ११:१४
कोणता ब्रिज, कोणत्या मोडवर, आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) काय दिलेत, दोन्हीकडे काय काय जोडलंय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं भो हे.

बोगदेवाला, ११:१६
डिश विकून टाका. दोन्हीकडे वायरगार्ड (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर) चालणारा राऊटर घ्या आणि इंटरनेटवरून बोगदा, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाट, काढा, अर्ध्या तासाचं काम. २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आलंय ते. गच्चीवर डिश लावायचे दिवस गेले आता.

डिस्पॅचवाला, ११:२१
विकू कुठे, आत्ताच घेतलाय, तोही सेकंडहँड. पांढरी डिश आहे, मॉडेलचा स्टिकर उन्हाने उडालाय. मॅपवर सरळ रेषेत ४ किमीच्या आसपास येतं. मोड म्हणजे काय ते माहीत नाही, डिशची वायर खाली स्विचला आलीये, बस.

गच्ची_ते_गच्ची, ११:२६
मध्ये पांडवलेणीचा डोंगर येत नाही ना? आणि नुसती पलीकडची गच्ची दिसली म्हणजे काम झालं असं समजू नका. ५.८ गिगाहर्ट्झला ४ किमीच्या लिंकमध्ये बरोबर मध्यावर रेषेभोवती सगळीकडून ७ मीटरची जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात, त्यातली निदान ६० टक्के म्हणजे सव्वाचार मीटर तरी मोकळी पाहिजे. एखादं निलगिरीचं झाड त्यात डोकं खुपसून असलं की वारा सुटल्यावर लिंक हलते. आमच्याकडे पावसाळ्यापर्यंत मस्त चाललं, नंतर झाडाला पालवी फुटली आणि बोंब.

डिस्पॅचवाला, ११:३१
डोंगर एका बाजूला राहतो, रात्री गोडाऊनचा हॅलोजन ऑफिसच्या गच्चीवरून स्पष्ट दिसतो. डिशच्या पेजवर सिग्नल -६१ दाखवतोय.

तारतोड्या, ११:३३
-६१ झकास आहे. मग हवेत भानगड नाही, जमिनीवर आहे. त्या पेजवर डब्ल्यूडीएस किंवा ब्रिज असं काही टिक केलेलं आहे का बघ. साध्या स्टेशन मोडमध्ये डिशच्या मागच्या कॉम्प्युटरांचे मॅक (यंत्राचा कारखान्यातूनच आलेला पत्ता) पलीकडे जसेच्या तसे जात नाहीत, मग निम्म्या गोष्टी चालतात आणि निम्म्या रुसतात.

येवल्याचा_पतंग, ११:३५
माझं ऐका, फायबर टाका. डिशची वायर संक्रांतीला मांजाने कापली जाते, आमच्या गल्लीत दोनदा झालंय.

गच्ची_ते_गच्ची, ११:३७
फायबर? नाशकात? आत्ता? कुंभाच्या कामांसाठी रस्ते खणून ठेवलेत जिकडेतिकडे. आमच्या बिल्डिंगची फायबर महिन्यात तीनदा तुटली, जेसीबीवाल्याला काय माहीत खाली कोणाचा जीव पुरलाय.

येवल्याचा_पतंग, ११:३८
म्हणून वरून न्यायची, पोलावरून.

गच्ची_ते_गच्ची, ११:३९
हायवे ओलांडून ४ किमी पोल? परवानगी तुम्ही आणून देणार का?

डिस्पॅचवाला, ११:४१
अहो माझं बघा ना. डब्ल्यूडीएसला टिक आहे दोन्हीकडे. आणि गोडाऊनवरून १९२.१६८.१.१ ला पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातो, म्हणजे ऑफिसचा राऊटर दिसतोय. वेळ कधी १ मिलिसेकंदच्या आत, कधी ४–५.

जुनी_लाईन, ११:४८
डिस्पॅचवाले, जरा थांबा. चार किलोमीटर हवेतून दोन रेडिओ ओलांडून जाणं आणि परत येणं, ४–५ मिलिसेकंद म्हणजे शोभतं. पण एकाच्या आत? तो जबाब गोडाऊनमधूनच कोणीतरी देतंय. तिथे वेगळा राऊटर आहे का?

डिस्पॅचवाला, ११:५०
हो मग, इंटरनेट तर दोन्हीकडे असणारच ना, त्यात सांगायचं काय. दोन्हीकडे एकाच कंपनीचं आहे, राऊटरही सेम.

तारतोड्या, ११:५१
🤦 हे सांगायला पाऊण तास लावलास.

जुनी_लाईन, १२:०३
सापडलं. ब्रिज आयपी ओळखत नाही, तो फक्त मॅक पत्ता बघून फ्रेम (डेटाचा तुकडा) इकडची तिकडे करतो. म्हणजे तुम्ही ऑफिस आणि गोडाऊन ४ किमीच्या एका लांब वायरने एकाच स्विचला जोडलंत असं समजा. आता त्या एका स्विचवर दोन राऊटर, दोघांचाही पत्ता १.१ (आधी १९२.१६८ धरा), दोघंही डीएचसीपीवरून आयपी वाटतायत. ज्याचं उत्तर आधी पोचेल तो खरा. प्रिंटरही दोन्हीकडे एकाच आयपीवर असणार, म्हणून चलन अंबडला निघालं. तुमचा ब्रिज खराब नाही, तो जरा जास्तच नीट काम करतोय.

आमच्या उमेदीत हेच काम रिमोट ब्रिज करायचे. एक पेटी या गावात, एक त्या गावात, मध्ये ६४ केबीपीएसची लीज लाईन. दोन्हीकडे १० एमबीपीएसचं इथरनेट आणि मधली वाट त्याच्या दीडशेपट अरुंद, त्यामुळे कोण कुठे राहतं हे ब्रिजने शिकून ठेवायचं आणि इकडची गोष्ट इकडेच मिटवायची, एवढ्यावर सगळं चालायचं. पण ब्रॉडकास्ट तो अडवत नाही. "हा आयपी कोणाचा रे?" असं इथल्या एका मशीनने ओरडून विचारलं की तिथल्या सगळ्यांना ऐकू जातं. आणि कोणी हुशारीने दुसरी लाईन जोडली की फेरा तयार, एकच फ्रेम गोल गोल फिरून दोन्ही ऑफिसं आडवी. त्यावर रॅडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री काढलं, म्हणजे जादा वाट आपोआप बंद ठेवून फेरा तोडायची पद्धत, नंतर ते ८०२.१डी म्हणून स्टँडर्ड झालं. असो, विषय लांबला.

करायचं ते असं. गोडाऊनच्या राऊटरचं डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता १.२ करा, एक प्रिंटर १.१०१ वर न्या. गोडाऊनच्या मशीनना हाताने आयपी द्या आणि गेटवे १.२, म्हणजे त्यांचं इंटरनेट त्यांच्याच लाईनवरून जाईल. आणि हे करण्याआधी ब्रिजची वायर काढून ठेवा, नाहीतर

जुनी_लाईन, १२:०४
(बोट लागून अर्धंच गेलं.) नाहीतर गोडाऊनचा समजून ऑफिसच्याच राऊटरमध्ये शिराल, दोघांचा पत्ता एकच आहे.

बोगदेवाला, १२:०६
हेच तर मी म्हणतोय. ब्रिज करूच नये. गोडाऊन १९२.१६८.२ वर न्या आणि मध्ये राऊटिंग करा, ओरडाआरडा पलीकडे जाणारच नाही.

तारतोड्या, १२:०८
राऊटिंगचं बरोबर आहे पण तू ते म्हणाला नव्हतास, तू म्हणालास डिश विका. दोन्हीकडे १.१ असताना तुझा बोगदाही अडलाच असता.

बोगदेवाला, १२:०९
रेंज बदलूनच काढला असता ना. अडाणी समजलास काय.

हिशेबनीस, १२:१२
टॅली सिल्व्हर आहे की गोल्ड? सिल्व्हर एकाच कॉम्प्युटरवर चालतं, नेटवर्कवर अनेकांना हवं तर गोल्ड लागतं.

डिस्पॅचवाला, १२:१९
गोल्डच आहे हो, तो प्रश्नच नाहीये. जुनी लाईन साहेब, तुमचं वाचून लगेच गोडाऊनवरून डीएचसीपी बंद केलं, पत्ता १.२ केला. आता ऑफिसातून फोन, सगळ्यांचं नेट गेलं. मग पाच मिनिटांनी आपोआप आलं पण मुंगीच्या गतीने. शेठ ओरडतायत.

तारतोड्या, १२:२१
वायर काढली होतीस का आधी?

डिस्पॅचवाला, १२:२२
ते खालचं आत्ता वाचलं.

जुनी_लाईन, १२:२५
हरकत नाही. तुम्ही विल्होळीत बसून अंबडचा राऊटर बदललात. आता १.१ एकच उरला, गोडाऊनचा, आणि तुमचं अख्खं ऑफिस ब्रिजवरून गोडाऊनच्या इंटरनेटवर चालतंय. आता काम उलटं. ब्रिजची वायर काढा. गोडाऊनमध्ये १.१ वर जाऊन डीएचसीपी बंद, पत्ता १.३. तिकडे ऑफिसात कोणालातरी १.२ वर जाऊन परत १.१ करायला आणि डीएचसीपी चालू करायला सांगा, त्याच्या कॉम्प्युटरला तेवढ्यापुरता हाताने आयपी द्यायला लावा. गोडाऊनचा गेटवे मग १.३. सगळं झालं की वायर लावा. आणि दोन्ही राऊटरचा पासवर्ड सेम आहे हे कळलंच, तोही बदला.

गच्ची_ते_गच्ची, १२:३०
डिशला अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर आहे का तेही बघून घ्या. वळवाची वीज शेजारच्या पत्र्यावर पडली तरी पीओई (डिशला नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारी पेटी) आणि स्विच दोन्ही जातात.

डिस्पॅचवाला, दुपारी १:२४
झालं!! पिंग आता कायम ४–५. चलन गोडाऊनमध्येच निघालं, पहिली गाडी भरायला लागली. साहेब, खरंच आभारी आहे. फक्त टॅली उघडतं पण कूर्मगतीने, कंपनी लोड व्हायलाच मिनिट लागतं.

हिशेबनीस, १:२९
डेटाचं फोल्डर शेअर करून गोडाऊनवरून उघडता ना? शेअर फोल्डरवर प्रत्येक बारीक गोष्टीसाठी फाईलची ये-जा होते, एका खोलीत ते कळत नाही. त्यात मध्येच लिंक तुटली तर डेटा खराब व्हायची भीती. ऑफिसच्या मशीनवरच टॅली चालवा, गोडाऊनवरून रिमोट डेस्कटॉपने बसा, फक्त स्क्रीन ये-जा करेल.

बोगदेवाला, १:३३
आणि तो रिमोट डेस्कटॉप ब्रिजच्या आतच ठेवा. घरून बघायला सोपं म्हणून राऊटरवर ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) उघडू नका. आमच्या एका क्लायंटने उघडला होता, सोमवारी सकाळी सगळ्या फाईलींना कुलूप आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. घरून हवं असेल तर बोगदा.

तारतोड्या, १:३४
शेवटी बोगदा आणलासच.

बागाईतदार_ओझर, १:५२
नमस्कार, मधेच विचारतो. आमची द्राक्षबाग घरापासून दीड किलोमीटर आहे, तिथे कॅमेरे लावायचेत, कोणती डिश घेऊ? घाई आहे, छाटणी सुरू होतेय.

गच्ची_ते_गच्ची, १:५५
बागेत लाईट किती तास असते? मध्ये झाडं किती उंच?

डिस्पॅचवाला, २:१०
मंडळी अजून एक. हजेरीचं बोटाचं मशीन आत्तापासून लागत नाहीये.

तारतोड्या, २:११
त्याचा आयपी काय होता?

डिस्पॅचवाला, २:१४
१.१०१ बहुतेक.