गोदेच्या उगमाकडचे डोंगर राखायचे, तर तीन जिल्ह्यांनी मिळून का नाही?

गोदाकाठ (नाशिक):
ब्रह्मगिरी, अंजनेरी म्हटलं की आपण नाशिककर आपसांतच हळहळतो. पण त्र्यंबकच्या डोंगरांवर पडलेला पाऊस गंगापूर धरणात येतो, नाशिक तो पितं, मग नांदूरमध्यमेश्वरला पाणी अडतं. तिथून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याला, जलद कालव्याने वैजापूर-गंगापूर तालुक्यांना आणि नदीतून पैठणच्या जायकवाडी धरणाला. म्हणजे नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर हे तीन जिल्हे एकाच डोंगरावर जगतात. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते आणि हेच तीन जिल्हे आकडेमोड, मोर्चे आणि कोर्ट यांत गुंततात. पाणी वाटायला सगळे हजर, डोंगर राखायला कुणी कुणाला बोलावत नाही.

माझं म्हणणं असं: तिन्ही जिल्ह्यांच्या पाणीपट्टीतून थोडा हिस्सा काढून उगमाकडच्या ग्रामसभांच्या खात्यात थेट टाकावा. त्यातून जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून केलेले पट्टे), वणव्याची राखण, झऱ्यांची निगा, गुरांच्या चाऱ्याची सोय ही कामं गावानेच करावीत. वृक्षारोपणाचे फोटो पुरे झाले.

पाटपाणी (कोपरगाव):
वा! २००५ च्या कायद्याने खालच्या-वरच्या धरणांत पाण्याचं समन्यायी वाटप आलं, आमची कालव्याची आवर्तनं आटली. आता डोंगराची वर्गणीही आम्हीच द्यायची? ब्रह्मगिरीच्या पायथ्याला जेसीबी कुणी लावले? कोपरगावच्या माणसाने लावले का? तुमच्या शहराचं सांडपाणी नदीत येतं ते वेगळंच. आधी ते थांबवा, मग वर्गणीची पावती फाडा.

पानवेल (नाशिक):
कोपरगावच्या दादांशी सहमत. सिंहस्थाला निधी मिळतो तसा डोंगराला का मिळू नये? मुळेगाव-अंजनेरी रस्त्याची टूम निघाली होती, तेव्हा ‘रस्ता झाला की गावाचा विकास’ असं ऐकवलं गेलं. ज्या पठारावर अंजनेरीच्या नावाचं कंदीलपुष्प फुलतं आणि ज्या कड्यांवर गिधाडं राहतात, तिथे गाड्या नेऊन विकास कुणाचा झाला असता?

द्राक्षबाग (निफाड):
पक्षी-फुलांवर बोलणारे आमच्याकडे हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन येत्यात अन् संध्याकाळी परत जात्यात. नांदूरमध्यमेश्वरची रामसर यादीतली (जागतिक महत्त्वाची) पाणथळ जागा १,४३७ हेक्टर, म्हणजे साधारण १४ चौरस किलोमीटर. अभयारण्य १९८६ चं, ते मात्र १०० चौरस किलोमीटर. मधल्या फरकात काय आहे? आमची गावं अन् शेतं. बंधाऱ्यात गाळ साचला, पाणी फुगून कडेच्या रानात घुसतंय, जलपर्णी तर विचारू नका. गाळ काढा म्हणलं की एक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतंय. चापडगावच्या काही पोरांना पक्षी दाखवायचं काम मिळालं हे खरं, चांगलं झालं. पण ज्याची मिरची पाण्यात गेली त्याला करकोचे दाखवून भागतंय का? वर्गणी काढायचीच तर गाळाचा विषय पहिला घ्या.

रानवाट (हरसूल):
गोदाकाठदादा, तुमच्या योजनेत माझ्या गावाला एक रुपया येत नाही, ते आधी बघा. आमच्या हरसूलकडचा उतार दमणगंगेचा. सुरगाण्याचं पाणी नार-पार नद्यांनी पश्चिमेलाच जातं. गोदेच्या खोऱ्याची रेघ मारली की आम्ही रेघेबाहेर. गिधाडाला ती रेघ कळत नाही. ते अंजनेरीच्या कड्यावर राहणार आणि खायला आमच्याकडे उतरणार. खोरीपाड्याला गावकऱ्यांनीच वनखात्याबरोबर गिधाडांचं ‘उपाहारगृह’ उभं केलं. मेलेलं जनावर तिथे टाकायचं, पण त्याला डायक्लोफेनॅक हे गिधाडांना मारक ठरणारं वेदनाशामक टोचलेलं नसावं. त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर २००६ मध्ये बंद झाला, तरी माणसांसाठीची बाटली बाजारात होतीच. ही राखण गावाने केली, कुणाच्या पाणीपट्टीची वाट पाहिली नाही.

दुसरं, पैशाआधी हक्क. २०१८ ला नाशिकहून मुंबईला आमची माणसं पायी गेली ती वनहक्कासाठी. कायदा २००६ चा, तरी मागणी तीच. सामूहिक वनहक्क मिळाला तर जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेचं होतं. तो नसताना तुम्ही पैसे दिलेत तर आम्ही आमच्याच रानात रोजंदारीवर लागलो, एवढाच अर्थ.

गोदाकाठ:
ताई, खोऱ्याच्या रेघेचा मुद्दा बिनतोड आहे. मग जिल्हे तीन नकोत, पश्चिमेला गुजरातकडच्या तालुक्यांनाही बसवावं लागेल. हक्काबद्दल मात्र पूर्ण पटलं नाही. अंजनेरी, बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ ब प्रमाणे त्यांच्या समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. हक्काचे दावे निकाली निघेपर्यंत डोंगर जळत ठेवायचे का? ती समिती तरी वापरू.

रानवाट:
त्याच कलमात लिहिलंय की समिती मुख्य वन्यजीव रक्षकाला *सल्ला* देते. सल्ला देणाऱ्याला खुर्ची मिळते, सही मिळत नाही. आणि सगळे दावे निकाली निघेपर्यंत थांबा असं मी म्हटलंच नाही. पैसा आणि दावा एकाच कागदावर आणा. ज्या ग्रामसभेला पैसे द्यायचे, तिचा दावा किती दिवसांत निकाली काढणार ते त्याच करारात लिहा.

पाटपाणी:
ताईंचं पटतंय, तुमचं नाही, गोदाकाठभाऊ. मग आमचंही कलम त्याच कागदावर घ्या: नाशिकच्या खाली नदीचं पाणी दर महिन्याला तपासायचं, आकडे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर फळ्यावर लिहायचे. घाण आढळली त्या महिन्याचा आमचा हिस्सा नाशिकने भरायचा. आहे का तयारी?

द्राक्षबाग:
अन् गाळ?