मदत हवी आहे : पाण्यात उभं असलेलं भात तहानेनं कसं मरतं?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात चोडणला राहतो. पुतणी यंदा अकरावी विज्ञानाला आहे. घरात विज्ञान शिकलेलं दुसरं कोणी नाही, मी स्वतः बी.कॉम. तिच्या प्रश्नांपुढे अडले आहे, म्हणून धागा काढते.

गेल्या वर्षी आमच्या खाजनाचा (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन) बांध खचला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं भात आठवडाभरात वाळलं. आधी शेंडे पिवळे पडले, मग पातं सुरळीसारखं गुंडाळलं. हाताने चुरलं तर कुरकुर वाजायचं. आणि बांधापलीकडे, त्याच पाण्यात, तिवराची (खारफुटीतलं एक झाड) झाडं हिरवीगार! तेव्हाच तिने विचारलं होतं, "काकू, तिवराला मीठ लागत नाही का?"

आता पुस्तकात परासरण आलं. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पेशीच्या पडद्यातून पाणी जातं, हे मला समजलं. म्हणजे भाताच्या मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं गेलं असणार. पण मग तिवर?

घरी प्रयोगही केला. बटाट्याच्या बोटभर फोडी कापून एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात ठेवली. पाऊण तासाने मिठातली फोड रबरासारखी वाकली, साध्या पाण्यातली वाकवायला गेले तर कट्‌कन मोडली. मऊ पडलेली फोड साध्या पाण्यात टाकली, ती दोन-तीन तासांत परत ताठ झाली. पोरगी खूश. मग तिने बरणीतलं तोर (कोवळी कैरी, चैत्रात खड्या मिठात दाबून ठेवतो) काढून रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं. सकाळी खारटपणा उतरला होता, जरासं फुगलंही होतं, पण सुरकुत्या तशाच आणि अंग लिबलिबीत. बटाटा ताठ होतो, तोर का नाही?

शिवाय तिने कुठेतरी वाचलंय की पेशीच्या पडद्यात पाण्यासाठी खास वाटा असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाच्या. तिवरात हे पंपासारखे पाणी आत ओढत असतील, असं ती म्हणते. बरोबर आहे का? तिला पाठ करायचं उत्तर नकोय, नीट समजून हवंय.

प्रतिसाद

ताई, पंपापासून सुरुवात करतो, कारण ही गैरसमजूत माझ्या पदवीच्या विद्यार्थ्यांतही दिसते. अ‍ॅक्वापोरिन हा पंप नव्हे, दरवाजा आहे. एकेका वाटेतून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी रेणू एकामागे एक रांगेने जातात, पण कुठल्या बाजूला जायचं ते दरवाजा ठरवत नाही. 1992 साली पीटर अ‍ॅग्री यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या अंडपेशींना हे प्रथिन बनवायला लावलं आणि त्या फिक्या द्रावणात सोडल्या. त्या भराभर फुगून फुटल्या. ज्यांत प्रथिन नव्हतं, त्यांना फारसं काही झालं नाही. दोन्हींत पाण्याची ओढ आतच होती. फरक होता तो वेगाचा. या कामासाठी अ‍ॅग्रींना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

मग तिवराला पाणी कोण देतं? पान देतं. पानातून वाफ उडते तशी खोडातल्या बारीक नळ्यांतली पाण्याची अखंड धार वर ताणली जाते. रेणू एकमेकांना धरून असतात, म्हणून धार तुटत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यातून गोडं पाणी काढायला साधारण 25 वातावरणांइतका दाब लागतो. शोलँडर आणि सहकाऱ्यांनी 1965 साली खारफुटीच्या फांद्या दाबाच्या भांड्यात घालून हा ताण मोजला. तो त्याहून जास्त भरला. म्हणजे मीठ बाहेर ओढतंय, पान त्याहून जोराने आत ओढतंय. मुळाचे पडदे पाणी आत घेतात, बहुतेक मीठ बाहेर ठेवतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं काम बरंचसं तिथेच होतं. तिवर आत शिरलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून टाकून देतं. उन्हाळ्यात, पाऊस नसताना, पुतणीला पानाला जीभ लावायला सांगा.

भाताला एवढा ताण पेलत नाही. त्यात सोडियम पानांत साचून विषासारखं भिनतं, ते वेगळंच. म्हणजे नुसती तहान नव्हे, तहान आणि विष दोन्ही.

प्रतिसाद

तोराचं मी सांगते, माझ्या आवडीचा विषय! बटाट्याच्या पेशी पाऊण तासात सुकल्या होत्या, मेल्या नव्हत्या. पडदा शाबूत, म्हणून साधं पाणी मिळताच त्या पुन्हा फुगल्या. पेशी फुगून भिंतीवर आतून दाबते, त्या दाबाचाच तो ताठपणा. तोर मात्र महिनोन्‌महिने मिठात. त्यातल्या पेशी केव्हाच मेल्या, पडद्यांना भोकं पडली. आता मीठही सहज बाहेर जातं (म्हणून खारटपणा उतरला) आणि पाणी धरून दाब देणारं काही उरलं नाही. खात्री करायची तर बटाट्याची एक फोड उकळून घ्या. ती साध्या पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी ताठ होणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तुमचा पहिला प्रतिसाद, दादा, तिला मोठ्याने वाचून दाखवला. "दरवाजा" ऐकल्यावर ती गप्प झाली, मग वहीत मानस (खाजनाच्या बांधातलं, भरती-ओहोटीचं पाणी अडवायचं-सोडायचं दार) काढली आणि खाली लिहिलं : दार पाणी ओढत नाही, भरती-ओहोटी ओढते. आमच्या मानशीची दारं मात्र एकाच बाजूने उघडतात, तेवढा फरक मी तिला दाखवला.

ताई, उकडलेल्या फोडीचा प्रयोग आज केला. सकाळपासून पाण्यात आहे, अजून तशीच मऊ.

आता एकच राहिलं. शेजारच्या काकांचं कोरगुट (आमच्याकडची भाताची जुनी जात) त्याच पुरात तगलं, आमचं सुधारित बियाणं गेलं. काका म्हणतात, कोरगुट मीठ सोसतं, पण तेही पेरायच्या आधी पहिल्या पावसांनी खाजनातलं मीठ धुऊन निघेपर्यंत थांबतात. कोरगुटाची मुळं मीठ अडवतात, की आत आलेलं मीठ कुठे बाजूला साठवतात? भाताच्या जातींवर कोणी काम केलं असेल तर जरूर लिहा. या मृगाला आम्हीही कोरगुटच पेरणार आहोत.