गुणसूत्रबिंदूची जागा कोण ठरवतो: डीएनए की प्रथिने?

वऱ्हाडी मास्तर (घाटंजी)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात पेशीचे सूत्री विभाजन दाखवण्यासाठी कांद्याची मुळे पाण्यात वाढवली होती. ऐनवेळी लाइन गेली, म्हणून सूक्ष्मदर्शक खिडकीत नेऊन आरशावर ऊन घेतले. रंगवलेल्या लालसर गुणसूत्रांपैकी एकाची बारीक कंबर एका मुलीला दिसली आणि तिने विचारले, "सर, हे इथंच काऊन दबलं? जरा सरकून काऊन नाही?"

बावीस वर्षे मी फळ्यावर तिथे एक ठिपका काढून 'गुणसूत्रबिंदू' लिहीत आलो, त्यामुळे क्षणभर मलाच उत्तर सुचले नाही. घरी येऊन वाचले, आणि आता माझे मत असे झाले आहे की ही जागा डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली नसते, ती प्रथिने राखतात. इतरत्र डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या ज्या गुंडीभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एच-३ या हिस्टोनाच्या जागी गुणसूत्रबिंदूवर सेन्प-ए नावाचा त्याचाच चुलतभाऊ बसलेला असतो. डीएनएची प्रत निघते तेव्हा जुने सेन्प-ए दोन्ही प्रतींत वाटले जाते, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला निम्मेच येते. विभाजन संपता संपता एचजेयूआरपी हे प्रथिन नवे सेन्प-ए आणून उरलेली तूट भरते, आणि तेही जिथे जुने शिल्लक आहे तिथेच. जागेची आठवण अशी प्रथिनांकडून प्रथिनांकडे जाते. १९९३ मध्ये तर माणसाच्या दहाव्या गुणसूत्राचा असा एक तुकडा वर्णिला गेला की ज्यावर गुणसूत्रबिंदूचा नेहमीचा डीएनए नव्हताच, तरीही तो पेशींमध्ये नीट वाटला जात होता. मग अक्षरांचे महत्त्व ते काय राहिले?

अकोटची पेशीवाली

सर, आपली मांडणी आवडली, पण शेवटच्या प्रश्नाला माझा स्पष्ट विरोध आहे. अपवाद दाखवून नियम मोडीत काढता येत नाही. माणसाच्या सगळ्या गुणसूत्रांवर, वाय धरून, गुणसूत्रबिंदूच्या जागी अल्फा सॅटेलाइट नावाचा सुमारे १७१ अक्षरांचा तुकडा हजारो वेळा एकापुढे एक मांडलेला असतो आणि ही रांग कित्येकदा लाखो अक्षरे लांब जाते. २०२२ मध्ये माणसाचा जनुकसंच प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचला गेला, तेव्हा गुणसूत्रबिंदू आणि त्यालगतच्या अशा पुनरावृत्त डीएनएने त्यातला सुमारे ६.२ टक्के भाग व्यापल्याचे दिसले. अक्षरांना काहीच अर्थ नसता, तर प्रत्येक गुणसूत्राने याच वाणाचे बियाणे याच धुऱ्यावर का पेरले असते?

दुसरा मुद्दा सेन्प-बी या प्रथिनाचा. डीएनएवरची १७ अक्षरांची नेमकी खूण ओळखून ते बसते, म्हणजे ते अक्षरे वाचते. त्याचे रेणू जोडीने राहतात, त्यामुळे दूरदूरच्या दोन खुणा जवळ ओढल्या जातात आणि मधल्या डीएनएचे वेटोळे तयार होते. प्रथिने डीएनएची रचना करतात हे खरेच, पण ती कुठे करायची याचा पत्ता इथे डीएनएच देतो. प्रयोगशाळेत कृत्रिम मानवी गुणसूत्रे घडवताना वर्षानुवर्षे ही खूण असलेला अल्फा सॅटेलाइटच वापरावा लागला, हेही विसरता येत नाही.

स्लाइडवाचक

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो आणि या ठिपक्यांशी माझा रोजचा संबंध आहे. त्वचा ताठर करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या विकाराच्या काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच गुणसूत्रबिंदूंविरुद्ध प्रतिपिंडे असतात. असे रक्तद्रव काचेवरच्या पेशींवर टाकून चमकणारा रंग जोडला की काळोखात प्रत्येक केंद्रकात हिरवे ठिपके सुटेसुटे उमटतात, आणि शेजारची पेशी विभागत असेल तर तेच ठिपके मधोमध पट्टीत दाटलेले दिसतात. विल्यम अर्नशॉ आणि नाओमी रॉथफिल्ड यांनी १९८५ मध्ये अशाच रुग्णांच्या रक्तद्रवाच्या आधारे सेन्प-ए, बी आणि सी ही तीन प्रथिने ओळखली. नावांतली अक्षरे त्याच क्रमाची आहेत. ही प्रथिने कोणी मुद्दाम शोधायला निघाल्यामुळे सापडली नाहीत, आजारी माणसांच्या शरीराने ती आधी हेरली होती, याची मला दर वेळी गंमत वाटते.

वादाबद्दल बोलायचे तर ताईंच्या बाजूला एक खड्डा आहे. वाय गुणसूत्रावर ती १७ अक्षरांची खूण नाही, सेन्प-बी तिथे बसत नाही, तरी वाय बापाकडून मुलाकडे जातोच.

सेलूचा कास्तकार

आम्ही वर्ध्याकडचे, लहानपणी शाळेत टकळीवर सूत कातलेले. विभाजनात गुणसूत्रबिंदूला धरून गुणसूत्रे ओढणाऱ्या धाग्यांना 'तर्कुतंतू' म्हणतात, त्यातला तर्कू म्हणजे टकळीच, हे कोणी सांगितले असते तर तो धडा तेव्हाच समजला असता. आपला वाद मला बैलांच्या जुवासारखा वाटतो. शिवळ म्हणजे खुंटी घालायला जुवाला भोक पाडलेले असते, पण जोते म्हणजे गळ्याचा पट्टा बांधल्याशिवाय बैल काही ओढत नाही. भोक म्हणजे डीएनए आणि जोते म्हणजे प्रथिने, असे धरले तर दोघांचेही खरे होते.

वऱ्हाडी मास्तर

भाऊ, उपमा छान आहे, पण तिने तडजोड फार स्वस्तात होते. दहाव्या गुणसूत्राच्या त्या तुकड्याला भोकच नव्हते आणि तरी बैल जुंपला गेला.

ताईंच्या लांबलचक रांगेविषयी आणखी एक सांगतो. त्या सगळ्या रांगेवर सेन्प-ए बसत नाही, ते तिच्या एका पट्ट्यातच असते. मानवी गुणसूत्रबिंदूंच्या दोन पूर्ण संचांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत २६ टक्के गुणसूत्रबिंदूंवर हा पट्टा पाच लाखांहून अधिक अक्षरांनी सरकलेला आढळला. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा 'जरा सरकून' हा शब्द अगदी नेमका निघाला. शिवाय १९९८ मध्ये सेन्प-बीचे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माला आले आणि जगले. ज्याच्यावाचून भागते त्याला पाया कसे म्हणायचे?

अकोटची पेशीवाली

भागणे आणि नीट चालणे यांत फरक आहे, सर. सेन्प-बी नसलेली गुणसूत्रे, म्हणजे वाय आणि आपण सांगितलेल्या दहाव्या गुणसूत्राच्या तुकड्यासारखी, नव्याच जागी गुणसूत्रबिंदू बसलेली गुणसूत्रे, वाटणीत जास्त वेळा चुकतात, हे २०१५ मध्ये दाखवले गेले आहे. स्लाइडवाचक दादांच्या खड्ड्याला माझे उत्तर हेच आहे. एखाद्या गुणसूत्राची वाटणी चुकली की एका पेशीत ते जास्तीचे आणि दुसरीत कमी. त्यामुळे हा फरक लहान मानता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी आपणहून देते, कारण ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये ती खूण नसलेल्या डीएनएवरही कृत्रिम मानवी गुणसूत्र उभे करता आले. परंतु त्यासाठी सुरुवातीला एचजेयूआरपी मुद्दाम तिथे आणून बांधावे लागले, तेव्हा कुठे सेन्प-ए बसले, आणि पुढे ते आपले आपण टिकले. म्हणून माझे म्हणणे आता एवढेच उरते की जागा टिकवणे हे प्रथिनांचे काम, हे मान्य. पहिल्यांदा बसण्याची जागा सुचवण्यात आणि बसलेले घट्ट धरण्यात अक्षरांचा हात आहे.

वऱ्हाडी मास्तर

'सुचवणे' मान्य, 'ठरवणे' अमान्य. सोमवारी फळ्यावर ठिपका न काढता पट्टा काढीन, आणि त्याची एक कड खडूने पुसट ठेवीन. त्या मुलीने पुन्हा 'काऊन' विचारलेच, तर ताई, आपला १७ अक्षरांचा मुद्दा मी आपल्या बाजूनेच सांगेन.