फुल-फ्रेम: आधी बॉडी की आधी लेन्स?

प्रश्न (विंगेतून): माझ्याकडे निकॉन डी७५० हा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), आरसा असलेला कॅमेरा आहे, सोबत ५० आणि ८५ एमएम, दोन्ही एफ/१.८ डी. नाटकांचे फोटो काढतो. शांत प्रसंगात आरशाचा खटका पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातो. निकॉनचीच बिनआरशाची (मिररलेस) झेड ६ टू बॉडी घेऊ, की याच बॉडीवर ७०-२०० एफ/२.८ ही झूम लेन्स?

छायाप्रकाश: आधी लेन्सचा विचार करा. डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. बॉडीतली मोटर माउंटवरच्या छोट्याशा स्क्रूने लेन्स फिरवते. तुमच्या लेन्स झेड बॉडीवर बसवायला लागणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसेल, एक्स्पोजर मिळेल, फोकस मात्र हातानेच. हलत्या नटावर तो साधणं फार कठीण.

आता ७०-२०० चं. एफचा आकडा वाढला की लेन्समधून प्रकाश कमी येतो. एफ/१.८ वर १/२५० सेकंदाचा शटर मिळत असेल, तर त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) एफ/२.८ वर साधारण १/१०० मिळेल. हात हलवत बोलणारा नट तिथे पुसट येणारच. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, त्याचा नाही.

रीळवाला: झेडचं सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर जपून वापरा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. तालमीत दिवे लावून तपासा.

विंगेतून: म्हणजे बॉडीबरोबर झेडची ८५ एफ/१.८ एस धरूनच हिशोब करायचा?

छायाप्रकाश: हो. ५० नंतर घ्या. खटका खरंच नडत असेल तर ७०-२०० ने तो सुटत नाही.