क्रोशा: '6 च्या पटीत अधिक 2' म्हणजे साखळ्या नक्की किती घालू?

नवरात्राच्या आत देवाच्या चौरंगासाठी क्रोशाचं आसन विणायचं आहे. रुंदी 45 सेंमी हवी. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून जाडसर सुती दोरा आणलाय, सुई 3 मिमीची. नक्षी शेलची, म्हणजे शिंपल्यासारखी: एक मुका खांब (आखूड टाका, single crochet), दोन साखळ्या सोडून तिसरीत पाच खांब (उंच टाके, double crochet), परत दोन सोडून मुका खांब. पॅटर्नमध्ये साखळ्यांचा आकडाच नाही, नुसतं '6 च्या पटीत अधिक 2'.

हे 2 प्रत्येक सहाला धरायचे की एकदाच? आणि सुईवरचा फास मोजायचा का?

शेजारच्या काकू म्हणतात, "हिशोब कशाला मांडतीस? साखळी चौरंगाला लावून बघ, पुरली की कर सुरू." त्यांच्या तोरणांना नाव ठेवायला जागा नाही, पण त्या साधे खांबच विणतात. तिथे नक्षी मधेच तुटायची भीती नाही.

साध्या खांबांच्या नमुन्यात 10 सेंमीत 20 टाके बसले.

सुईदोरा: एकदाच, ताई. एका शेलला सहा साखळ्या लागतात. 'अधिक 2' मधली एक कडेच्या मुक्या खांबाची, दुसरी वळताना उंचीसाठी. म्हणून पहिला मुका खांब सुईपासून दुसऱ्या साखळीत. सुईवरचा फास आणि सुरुवातीची गाठ मोजायची नाही.

तुमच्या मापाने 45 सेंमीत 90 टाके, म्हणजे 15 शेल, 92 साखळ्या. पण लगेच घालू नका. शेलचं माप साध्या खांबांवरून काढू नये. आधी 26 साखळ्यांवर चार शेल, पाच-सहा ओळी विणून बघा.

काकूंची साखळी हाताने ताणली तरी वाढते, तिच्यावर माप ठरवू नका.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी): नमुना विणला. चार शेल 13 सेंमी भरले!

सुईदोरा: मग एक शेल सव्वातीन सेंमीचा. 14 शेल म्हणजे साडेपंचेचाळीस, साखळ्या 86. चार-पाच जास्तीच्या घाला. उरल्या तर गाठीकडून उसवता येतात. साखळी घट्ट पडत असेल तर तेवढ्यापुरती साडेतीनची सुई घ्या, नाहीतर खालची कड आवळते.

मोगरा: मधेच बोलते. सुती दोरा धुतल्यावर आटू शकतो. नमुना धुऊन, सपाट वाळवून परत मोजा. चार शेल 12 वर आले तर 15 शेल, म्हणजे परत 92.

धागाकर्ती: भिजत घातलाय. उद्या मोजून सांगते.