मदत हवी आहे: फुटबॉल कार्डांच्या वहीची पाने चिकटली आहेत

शिरोडकर_बाब
घाईत लिहितोय. घरात फुटबॉल कार्डांची जुनी वही आहे, पाने एकमेकांना चिकटलीत. रविवारी मडगावहून एक गिऱ्हाईक बघायला येतंय. तोवर कार्डे सुटी कशी करायची? केस वाळवायचा ड्रायर लावला तर चालेल का? नेटवर बघून झालंय, तिकडे सगळे अमेरिकेतले बेसबॉलवाले. 'आधी शोधा' म्हणू नका.

तिसवाडीकर
कुठली कार्डे? कुठल्या सालची? कशाने चिकटवलेली? फोटो?

कॉर्नर_किक
पानिनीच असणार. इटलीतल्या मोडेना गावची कंपनी, पहिली विश्वचषकाची वही 1970 ची, मेक्सिकोची. माझ्याकडे 86 ची आहे, मॅराडोनासकट. खरेदी करताना जपा, मॅराडोनाच्या नकला पोत्याने मिळतात. भिंग लावा: जुन्या छपाईत रंगाचे ठिपके नीट रांगेत दिसतात, घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत नुसता फवारा मारल्यासारखं दिसतं.

शिरोडकर_बाब
पानिनी नाही हो. आणि खरेदी नाही, विकायचंय. कागद पातळ आहे, पतंगाचा असतो तसा. वर पोर्तुगीजमध्ये लिहिलंय. आजोबांची वही, गोवा मुक्तीच्या आधीची. गिऱ्हाईक म्हणतं आत युसेबियो आहे, पोर्तुगालचा तो नावाजलेला फुटबॉलपटू. ड्रायरचं सांगा.

तिसवाडीकर
हे सगळं आधी सांगायचं की! कार्डे कसली, ती खाऊच्या गोळ्यांची वेष्टने आहेत. पोर्तुगालात खेळाडूंच्या चित्रात गोळी गुंडाळून विकायचे, पोरं ती वहीतल्या आकड्यांच्या चौकटीत डकवायची. वही पुरी भरली की बक्षिसाला फुटबॉल, म्हणून एखादं चित्र मुद्दाम दुर्मीळ ठेवलेलं असे.
ड्रायर लावू नका. कागद सुकून कडक होईल आणि घडीवर फुटेल.

दोन_बॅक_एक_गोली
ड्रायर नको, वाफ द्या. आमच्या घरी लग्नाचा अल्बम किटलीच्या वाफेवर सोडवला, एकही फोटो गेला नाही. मग कापड ठेवून वरून हलकी इस्त्री.

वाळवीचा_वैरी
इस्त्री?? लग्नाचे फोटो आणि पन्नासच्या दशकातली स्वस्त छपाई यात काही फरक आहे की नाही? त्या वेष्टनांचा लाल रंग पाण्याला उतरू शकतो. मी ग्रंथालयात काढलीत वर्षं, ऐका:
आधी डिंक आहे की खळ ते बघा. कडेला सुटलेला एखादा कण उचलून बशीत ठेवा, त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब. निळा-काळा झाला तर पिठाची खळ. खळ ओलाव्याने फुगून सुटते, पण तो ओलावा वाफेचा झोत नव्हे. डब्यात ओला टिपकागद, वर जाळी, जाळीवर वही, झाकण. दर थोड्या वेळाने उघडून बघायचं. त्याआधी कापसाची काडी किंचित ओली करून कोपऱ्यातल्या रंगावर टेकवा. रंग आला तर थांबा. पान सुटेल तसं बांबूच्या बोथट पट्टीने उचला, नखाने नाही.
आणि एकमेकांना चिकटलेली पानेच सोडवा. चित्रे वहीतून काढू नका. डकवलेली भरलेली वही हीच तर वस्तू आहे.

दोन_बॅक_एक_गोली
आयोडिन सांगणारे आजोबांच्या वहीवर प्रयोगशाळा थाटणार वाटतं. वाफेने वीस मिनिटांत काम होतं.

पेडण्याची_पोर
कसर लागली असेल तर वही प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, किडे मरतात. डांबरगोळ्या आत टाकू नका.

शिरोडकर_बाब
कसर नाही, जुलै आहे. भिंतीवरून पाणी वाहतंय आमच्याकडे.

रविवारची_बस
आमच्या लहानपणी बिग फनच्या च्युइंग गमबरोबर क्रिकेटवाले मिळायचे. त्याला आता भाव आहे का?

तिसवाडीकर
नवा धागा काढा.
बाब, युसेबियोबद्दल. तो 1960 च्या डिसेंबरात मोझांबिकहून लिस्बनला पोचला, तिथल्या बेनफिका क्लबकडून पहिला सामना 1961 च्या मे महिन्यात. मुक्ती डिसेंबर 1961 ची. आजोबांनी वही कधी भरली? पन्नासच्या दशकातली असेल तर युसेबियो असायचं काही कारण नाही. शर्टाचा रंग काय?

शिरोडकर_बाब
निळा. छातीवर लाल क्रॉस. माणूस काळा आहे, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं युसेबियो.

तिसवाडीकर
निळा आणि लाल क्रॉस म्हणजे लिस्बनचा बेलेनेंसेस क्लब. युसेबियो तिथे कधी खेळला नाही. तो मातातेउ असू शकेल. तोही मोझांबिकचाच, 1951 पासून बेलेनेंसेसमध्ये, 1952-53 आणि 1954-55 अशी दोनदा लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. त्याचा भाऊ विसेंत, 1966 च्या विश्वचषकात पेलेला ज्याने धरून ठेवला तो. बेनफिकाच्या लाल शर्टात काळा खेळाडू दिसला तर कोलुना धरा, 61 आणि 62 च्या युरोपियन कपच्या दोन्ही अंतिम सामन्यांत त्याचा गोल आहे. सगळ्या काळ्या खेळाडूंना युसेबियो म्हणणारं गिऱ्हाईक जाणकार नाही, किंवा फार जाणकार आहे.

कॉर्नर_किक
तरी सांगतो, पेलेचं पहिलं कार्ड स्वीडनचं, 1958 चं...

शिरोडकर_बाब
अपडेट. थेंब निळा झाला, म्हणजे खळ. रंग उतरत नाही. डब्यात ठेवून दोन पाने सुटली. निळ्या शर्टाखाली नाव वाचता आलं, मातातेउच. गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं, तर म्हणे "मग निम्म्या किमतीत द्या." द्यायची का?

वाळवीचा_वैरी
नाही! घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. पावसात वही उघडत राहू नका. एसी असलेल्या खोलीत सुकवा, मध्ये टिपकागद घाला, वरून हलकं वजन. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा पुराभिलेख खात्यात जाऊन विचारा, तिथे जुना कागद हाताळणारी माणसं भेटतील. पीव्हीसीच्या पाकिटात भरू नका, ते छपाईला चिकटतं.

शिरोडकर_बाब
देव बरें करूं. रविवारी येऊ नका म्हणून कळवतो.

सांगेकर_गोली
पोर्तुगालचे सगळे पाठ, आणि आपला ब्रह्मानंद कुणी काढला नाही. गोव्याने 1982-83 ला संतोष ट्रॉफी, राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा, बंगालबरोबर वाटून घेतली आणि पुढच्याच वर्षी एकट्याने जिंकली, गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर. त्या संघाची चित्रे, कॅलेंडर, काड्यापेटी, काहीही कुणाकडे आहे का? विकत घेईन.