रॅम्बो ते रोबोकॉप
सिनेमावरून काढलेला शूटर, म्हणजे गोळीबाराचा व्हिडिओ गेम, म्हणजे पैसे पाण्यात, हे तुमचं म्हणणं २०१४ च्या 'रॅम्बो'पुरतं शंभर टक्के मान्य. समीक्षकांनी तो धू धू धुतला. पण तो बनवणाऱ्या टेयॉन याच पोलिश कंपनीचा २०१९ चा 'टर्मिनेटर: रेझिस्टन्स' बघा. समीक्षकांनी नाकं मुरडली, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर मात्र खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतला. मग २०२३ मध्ये 'रोबोकॉप: रोग सिटी' (आई म्हणाली, कसला रोग?). आवाज खुद्द मूळ सिनेमातल्या रोबोकॉपचा, पीटर वेलरचा. हा अर्धा माणूस, अर्धा यंत्र असलेला पोलीस गडी चालतो रोडरोलरसारखा, ही तक्रार रास्तच. पण गोळीबार सोडून मध्येच चुकीच्या पार्किंगची पावती फाडता येते हो! सदाशिव पेठेत सम-विषम तारखा मोजत गाडी लावणाऱ्या मला तर त्यातच जास्त मजा आली.